बहिणीचं ताट आणि माझी शिफ्ट

आमच्या घरी एक रीत होती. कामाला गेलेलं माणूस परत येऊन हातपाय धुईपर्यंत कुणी ताटावर बसायचं नाही. बाबा शेतातून येईस्तोवर माय भाकऱ्या झाकून ठेवायची आणि आम्ही दोघं भावंडं भिंतीला टेकून बसायचो. भूक लागलेली असायची, पण त्या बसण्यात गोडीही होती. उन्हं उतरली की बाबा यायचेच.

तापीकाठचं ते गाव मी आठवीनंतर शाळेसकट सोडलं. फिरत फिरत बोईसरला आलो, तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात चिकटलो आणि जवळच्याच पाम गावात एका वाडीवाल्यांच्या घराला लागून असलेली खोली घेतली. पुढं धाकटी बहीण बारावी झाली. मी इथं आहे म्हणूनच बाबांनी तिला पालघरच्या कॉलेजात बीएस्सीला जाऊ दिलं. परक्या गावात तिला एकटी ठेवायला ते कधीच तयार झाले नसते.

खोली एक, शेगडी एक. मी कामावरून आलो की ती भाकरी गरम करायची आणि आम्ही समोरासमोर बसायचो. जेवता जेवता ती दिवसभराचं सगळं सांगायची. कुठल्या सरांनी काय शिकवलं, कुणाच्या हातून काचेची नळी फुटली, सूक्ष्मदर्शकातून कांद्याचा पापुद्रा कसा दिसतो. खरं सांगायचं तर माझं कॉलेज त्या ताटाभोवतीच भरायचं.

दुसऱ्या वर्षी तिचा चेहरा उतरायला लागला. सकाळी उठवत नसे, सारखं पित्त व्हायचं, एक विषयही राहिला. मला वाटायचं, मोठा अभ्यास म्हणजे माणूस असाच शिणत असेल. मला कुठला अनुभव? मग एका सकाळी, नाईट करून मी झोपलेला असताना, कॉलेजातून फोन आला. प्रॅक्टिकल चालू असताना ती चक्कर येऊन पडली होती.

पालघरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि विचारलं, जेवतेस कधी?

"भाऊची फर्स्ट शिफ्ट असली की दुपार कलल्यावर, तो आला की," बहीण म्हणाली. "सेकंड असली की मध्यरात्र होते. नाईट असली की सकाळी, मग तो झोपून उठल्यावर."

"आणि झोपतेस?"

"तेही त्याच्यावरच."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "कंपनीत कामाला कोण आहे, तो की तू?"

बहीण हसली म्हणून मीही हसलो. बाई हसल्या नाहीत. गोळ्या त्यांनी थोड्याच दिल्या. रोज ठरल्या वेळी जेव, ठरल्या वेळी झोप, संध्याकाळी जरा चालून ये, एवढंच सांगितलं. असंच चालू राहिलं तर हे वर्ष पदरात पडणार नाही, असंही म्हणाल्या.

गावाकडची रीत आम्ही जशीच्या तशी उचलून आणली होती. तिथं बाबांची वेळ सूर्य ठरवायचा. इथं माझी वेळ कंपनी ठरवत होती, दर आठवड्याला वेगळी, आणि माझ्यामागे ही पोर फरफटत होती.

परतताना ती म्हणाली, "घरी सांगू नको. माय बोलावून घेईल."

सांगणार नाही, असं मी म्हणालो. पण ही पुन्हा पडली तर न सांगून कसं चालेल, हा घोर लागलाच. दुसऱ्या दिवसापासून तू आधी जेव, असं बजावलं. तिनं मान डोलावली. कामावरून आलो तर तिचं ताट दोन घास खाऊन झाकलेलं.

"घास उतरत नाही रे," ती म्हणाली. "एकटीनं खाल्लं की चोरून खाल्ल्यासारखं वाटतं."

मार्ग काढला घरमालकीण काकींनी. दारातून त्या सगळं बघत होत्या. एका संध्याकाळी त्यांनी बहिणीला हाक मारली. "दिवे लागले का आमी जेवतो. तुजं ताट घेऊन ओटीवर ये. भावाची वाट कंपनी बघते, तू कशाला बघते? सुकटीचा वास नको असंल तर लांब बस, पन जेव."

ती गेली. पहिले काही दिवस ओशाळून, मग सवयीनं. जेवण झालं की काकींबरोबर वाडीतून फेरी मारायची, दिवा लवकर मालवायची. हळूहळू पित्त गेलं, सकाळची गाडी चुकेनाशी झाली, राहिलेला विषयही सुटला. काकींचे उपकार मी कसे फेडू, मला कळत नाही.

आता नाईट करून येतो तेव्हा ती खाऊन कॉलेजला गेलेली असते. भाजी झाकलेली असते. भाकरी मी गरम करत नाही, तशीच खातो. कॉलेजात काय झालं ते मला कुणी सांगत नाही. तिला विचारलं तर सांगेल, पण जेवता जेवता सांगणं वेगळं.

गेल्या सुट्टीला दिवसभर झोपलो होतो. जाग आली तेव्हा दिवे लागले होते. उघड्या दारातून ओटी दिसत होती. बहीण पहिलाच घास मोडत होती आणि काकींना हातवारे करून काहीतरी सांगत होती. कांद्याच्या पापुद्र्यासारखंच काही असेल. मला फार वाटलं, उठून आपलंही ताट घेऊन जावं. पण मी जागा आहे असं दिसलं असतं तर ती तशीच उठली असती, माझ्यासाठी भाकरी गरम करायला. मी डोळे मिटून घेतले आणि तिचं जेवण होईपर्यंत तसाच पडून राहिलो.