पेटीचे झाकण

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी सकाळी माझे पती वारले. संध्याकाळी त्यांना पुरायचे होते.

त्यांची आई तंजावरातच राहत होती, किल्ल्याच्या आत, राजवाड्याच्या पश्चिमेला. आमचे घर किल्ल्याबाहेर, ख्रिस्ती वस्तीत. चालत गेले तर जेवण शिजायच्या आत पोहोचावे, एवढेच अंतर. तरी लग्न झाल्यापासून मी सासूबाईंना एकदाही पाहिले नव्हते. यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरच्यांनी त्यांच्या नावाने घागर फोडली होती. दर्भाचा पुतळा करून जाळला, पिंड दिले, सुतक पाळले आणि शेवटी सगळ्यांनी डोक्यावरून आंघोळ केली. ज्या मुलासाठी हे सारे झाले तो त्या वेळी मिशनच्या शाळेत मुलांना भूमिती शिकवत होता. असे काही माझ्या माहेरी घडले नव्हते, कारण माझे वडील सहकुटुंब ख्रिस्ती झाले होते. तंजावरचे राज्य खालसा झाल्यावर राजवाड्यातले त्यांचे लिहिण्याचे काम गेले, मग ते मिशनच्या शाळेत लागले, आणि पुढे प्रभूकडे वळले. त्यामुळे जिवंत माणसासाठी रडून मोकळे होणे म्हणजे काय, हे मला लग्नानंतरच कळले.

कावेरीला नवे पाणी आले त्या सुमारास यांना ताप जडला. मी रोज गुडघे टेकून त्यांचे आयुष्य मागत होते. एकदा मी विचारले, "आईंना निरोप पाठवू का?" ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "नको. ती माझ्यासाठी एकदा रडली आहे. दुसऱ्यांदा कशाला?" मग थोड्या वेळाने, "मी गेलो तरी कळवू नकोस." त्यांनी माझ्याकडून कधी काही मागितले नव्हते, म्हणून मी हो म्हटले. पण आईशी समेट व्हावा म्हणून ते रोज रात्री प्रार्थना करीत. मोठ्याने नाही, पण ओठ हलत, आणि कोणासाठी हे मला माहीत होते.

त्या गुरुवारी ते अंगणाकडच्या खोलीत निजवलेले होते, आणि मला काय करावे ते कळत नव्हते. दिलेला शब्द पाळावा, की एका आईला तिचा मुलगा शेवटचा पाहू द्यावा? मिशनच्या उपदेशकांना विचारले. ते म्हणाले, "प्रार्थना करा अम्मा, प्रभू वाट दाखवील." शेजारची अन्नम्मा अंगण झाडत होती. तिला हे ऐकू गेले.

"कशाची वाट?" ती तमिळमध्ये म्हणाली. "किल्ल्याचा दरवाजा तर इथून दिसतो."

"ते नको म्हणाले होते, अन्नम्मा."

"नको म्हणणारा आता झोपला. माझा मुलगा गेला असता आणि सुनेने मला सोडून देवालाच विचारले असते, तर मी आधी सुनेशी भांडले असते, मग देवाशी."

मी आत गेले आणि दार लावून घेतले. आमच्या ख्रिस्ती मंडळीत पुष्कळांची एक सवय आहे. अडचण आली की डोळे मिटून पवित्र पुस्तक उघडायचे आणि जिथे बोट पडेल ते वचन म्हणजे देवाचे उत्तर. यांना ते आवडत नसे. ते हसून म्हणत, "म्हणजे देवळातला कौलच की. फूल उजवीकडून पडले की हो, डावीकडून पडले की नाही." तरी त्या दिवशी मी डोळे मिटून पुस्तक उघडले. बोट पडले ते नावांच्या यादीवर. अमक्याला अमका झाला, त्याला तमका झाला, असे पानभर. त्यात एकाही आईचे नाव नव्हते. मी पुन्हा उघडले नाही.

मग मी नुसती बसले. ज्याला शहाणपण कमी पडते त्याने मागावे, आणि देणारा मागणाऱ्याला टोचून बोलत नाही, असे मी शाळेत मुलींना किती वेळा शिकवले होते. तेव्हा माझ्या ध्यानात आले की यांच्या सगळ्या दुखण्यात मी ताप उतरावा म्हणून मागितले, श्वास सुटसुटीत व्हावा म्हणून मागितले, पण मी काय करावे ते दाखव, असे एकदाही मागितले नव्हते. ते मी त्या वेळी मागितले. उत्तर आले नाही. मन हलके झाले नाही, कुठले वचन आठवले नाही. बाहेर रंधा चालल्याचा आवाज येत होता, तेवढाच.

आमच्या वस्तीतला नेहमीचा सुतार पापनाशमला गेला होता. उपदेशकांनी बाजारातून दुसराच कोणी आणला होता. मी त्याला आधी कधी पाहिले नव्हते, नंतरही पाहिले नाही. दार उघडून मी बाहेर आले तेव्हा पेटी तयार होती आणि यांना तिच्यात ठेवले होते. तो हातात खिळे घेऊन उकिडवा बसला होता. त्याने मान वर करून विचारले, "अम्मा, कोणी यायचे राहिले आहे का? असेल तर झाकण ठोकत नाही. थांबतो."

सुतार हा प्रश्न प्रत्येक घरी विचारत असणार. त्याच्या कामातलीच ती गोष्ट. पण मी विचार करण्याआधी माझ्या तोंडून निघून गेले, "हो. यांच्या आई यायच्या आहेत."

अन्नम्माने केरसुणी तिथेच टाकली आणि किल्ल्याकडे निघाली.

ती परत आली तेव्हा धापा टाकत होती. तिने सांगितले ते असे. सासूबाई मागच्या अंगणात डाळ निवडत होत्या. तिने निरोप सांगितला. त्यांनी सूप बाजूला ठेवले, विहिरीवर गेल्या, आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावर घागरीमागून घागर ओतू लागल्या. थोरले दीर ओसरीवरून ओरडले, "आंघोळ कशाची? आपले सुतक तेव्हाच फिटले."

त्या म्हणाल्या, "तेव्हाची आंघोळ खोटी होती. माझा मुलगा आज गेला."

"आणि मग?" मी विचारले.

"मग काय. येतायत मागून. लुगडे पिळायलाही थांबल्या नाहीत."

त्या आल्या. भर उन्हात, रस्त्याने, ओल्या लुगड्याने. दारात क्षणभर थांबल्या. आत येतील की नाही असे मला वाटले. त्या आत आल्या, पेटीशी बसल्या, आणि यांच्या कपाळावरून हात फिरवला. सुतार उठून अंगणाच्या कडेला जाऊन उभा राहिला.

"किती वाळला," त्या म्हणाल्या. "केव्हापासून आजारी होता?"

"नदीला पाणी आले तेव्हापासून."

"तेव्हाच का नाही कळवलेस?"

"ते नको म्हणाले."

"तो नको म्हणणारच. लहानपणी अंगात ताप असला तरी सांगायचा नाही. त्याला विचारायचे नसते गं. आपणच करायचे असते."

त्या रागावून बोलल्या नाहीत, म्हणून ते मला अधिक लागले. ज्या भेटीसाठी ते रोज रात्री ओठ हलवत होते, ती भेट झाली, आणि ते तिथे असून नव्हते. नवे पाणी आले तेव्हाच मी गुडघे टेकून हा एक प्रश्न विचारला असता, तर कदाचित त्यांच्या आईने त्यांना जागे पाहिले असते. कदाचित नसतेही. मी हे पुष्कळ वेळा मनात उलटसुलट करून पाहिले आहे आणि कुठेच पोहोचत नाही. सासूबाईंनीच शेवटी सुताराला हाताने खूण केली, आणि त्याने झाकण ठोकले.

तो सुतार देवाने पाठवला होता का, असे मला मंडळीतल्या बायका विचारतात. मला सांगता येत नाही. एवढे माहीत आहे की मी मागत होते ते उत्तर, आणि मिळाला तो एक प्रश्न. देवाचे शहाणपण पुस्तकाच्या पानावर बोटाखाली येईल अशी मी वाट पाहत होते. ते खिळे धरलेल्या एका अनोळखी माणसाच्या साध्या चौकशीतून आले, आणि मी ते ओळखायच्या आत माझ्या तोंडाने हो म्हटले. तेव्हापासून मी प्रार्थनेत खुणा मागत नाही. मागते, उठते, आणि समोर कोणी काही विचारले तर खरे उत्तर देते. पुढचे देवावर सोडते. एवढे कळायला मला जी किंमत पडली ती मोठी होती. पण त्याने मला रिकाम्या हाताने परत पाठवले नाही, याबद्दल मी त्याचे उपकार मानते.

दिरांनी सासूबाईंना प्रायश्चित्त घ्यायला सांगितले. त्यांनी विचारले, कशाचे? काही दिवसांनी त्या एक बोचके आणि एक पितळी तांब्या घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसल्या.

आता घरात आम्ही दोघी आहोत. त्यांची चूल मागच्या पडवीत आहे, माझी आत.