धक्क्यावरून घरी

जगाच्या पाठीवर कुठंही बोटीतून उतरा, धक्क्यावरून मुक्कामाला कसं जायचं हे आमच्या धाकट्या जावेच्या वडिलांना ठाऊक नाही, असं एकही बंदर देवानं निर्माण केलेलं नव्हतं. आम्ही त्यांना व्याहीबुवा म्हणायचो. गाव वेळणेश्वर. उभा जन्म आगबोटींवर खलाशी म्हणून काढला, शेवटी सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम झाले, आणि गुडघे कुरकुरू लागल्यावर घरी येऊन बसले. घरी म्हणजे आमच्या रत्नागिरीच्या ओटीवर. लेक इथं दिलेली ना! माणसं परदेश पाहून येतात ती देवळं नि राजवाडे सांगतात. ह्यांनी एकही राजवाडा पाहिला नव्हता. ह्यांना आठवायची ती वाहनं. कोलंबो म्हटलं की माणसानं ओढायची रिक्षा, एडन म्हटलं की उंटाची गाडी, बसऱ्याला खाडीतली लांबुडकी होडी, रंगूनला ट्राम. "ट्रामला काय भ्यायचं? रुळावरून जाते ती रुळावरूनच परत येते. चुकलात तर उतरूच नका!"

आळीतल्या कुणाचा मुलगा परमुलखाला निघाल्याची नुसती कुणकुण लागली की हे काठी टेकत त्याच्या दारात हजर. हवा कशी, खायचं काय, ह्यातलं काही नाही. एकच सवाल, "उतरल्यावर जाणार कसे?" मग शिकवणी सुरू. जो गाडीवाला धावत पुढं येतो त्याच्याकडे बघायचं नाही, मागं उभा राहून जांभया देत असेल त्याला हाक मारायची. सामानावर पाय ठेवल्याशिवाय भाव बोलायचा नाही. आणि भाव जमेना की पाठ फिरवून चालू लागायचं, तो हाका मारत मागून येतोच येतो. हा शेवटचा मंत्र त्यांनी एकदा आमच्या बंदरावरच्या बैलगाडीवाल्यावर चालवून पाहिला. पाठ फिरवून जे निघाले ते थेट आमच्या दारापर्यंत चालत आले. गाडीवाला काही मागून आला नाही. घामानं निथळत पायरीवर टेकले नि म्हणाले, "रत्नांग्रीच्या माणसाला धंदा कळत नाही!" मी कोकमाचं सरबत पुढं केलं आणि हसू पदराआड लपवलं.

पण हे ज्ञान एकदा घरच्याच कामी आलं. माझा धाकटा दीर आफ्रिकेत मोंबासाला रेल्वेत गार्ड होता. लग्नाला तीन वर्षं झाली तरी बायको इथं आमच्याजवळच. शेवटी त्याचं बोलावणं आलं, तिकीट आलं, आणि सासूबाईंनी नन्नाचा पाढा लावला. दिराची गाडी आतल्या मुलखात गेली की आठ-आठ दिवस परतायची नाही. बोट लागेल त्या दिवशी तो धक्क्यावर असेलच असं नव्हतं. "घ्यायला माणूस नाही तिथं माझी सून एकटी उतरायची नाही," सासूबाई म्हणाल्या. जाऊ विहिरीवर गेली आणि सगळी भांडी भरून वाहिली तरी रहाट ओढतच राहिली. मला तिचं फार वाईट वाटलं.

व्याहीबुवांनी मात्र कंबर कसली. "विहीणबाई, पोरगी एकटी घर गाठते की नाही, ते तुम्हांला इथंच दाखवतो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या खळ्यात मोंबासा वसलं. तुळशीपाशी धक्का, गोठ्यापाशी दिराचं घर. मोंबासाला त्या वेळी रस्त्यातून बारके रूळ असत आणि त्यांवर छपराची छोटी ट्रॉली. माणसं ती मागून ढकलत. आमची ट्रॉली म्हणजे ओटीवरचा बाक, त्याला बांधलेली छत्री. ढकलणारे खुद्द व्याहीबुवा, डोक्याला पंचा गुंडाळून. सासूबाई पानाचा डबा घेऊन परीक्षेला बसल्या. जाऊ ट्रंक घेऊन धक्क्यावर उतरली. तिनं सामानावर पाय ठेवला, जांभया देणाऱ्या बापाला हाक मारली, आणि भाव असा पाडला की मासळीबाजारातल्या बायकांनीही कानाला हात लावावा. बाप खूश! ती बाकावर बसली तशी त्यांनी ऐटीत विचारलं, "कुणाच्या घरी जायचं, बाई?"

जाऊ गप्प.

"अगो, बोल की! कुणाचं घर?"

तिनं मान खाली घातली. नवऱ्याचं नाव, तेही सासूबाईंच्या समोर, घेणार कशी? व्याहीबुवांचा चेहरा पडला. सगळी बंदरं पालथी घातली, पण नवऱ्याचं नाव सांगायची पाळी त्यांच्यावर कधी येणार होती? ही अडचण त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. सासूबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. "झालं! गाडी धक्क्यावरच. उतर गो खाली."

जाऊ उतरली नाही. डोळे मिटून, पदर सावरून म्हणाली,

"नारळीला नारळ, पोफळीला सुपारी,
गोविंदरावांच्या घरी पोचव मला दुपारी!"

सासूबाई अशा हसल्या की तोंडातलं पान सांडलं. "आणि बोट संध्याकाळी लागली तर?"

"तर दुसरं नाव घेईन," जाऊ म्हणाली.

"मग जा बाई! नाव घेतलंस, आता घरही गाठशील." व्याहीबुवांनी आनंदाच्या भरात बाक असा ढकलला की तो लेकीसकट गोठ्याच्या कुडावर जाऊन आदळला. मोंबासाच्या माणसाला मराठी उखाणा कळणार कसा, हे त्या दिवशी आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मुंबईला जाऊन लेकीला बोटीत बसवून आले ते व्याहीबुवाच. पुढं ती सुखरूप पोचल्याची तार आली. सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली, मी ती व्याहीबुवांच्या हातावर दिली. मला वाटलं, आता विचारतील, कशातून गेली, भाव काय ठरला. पण ते साखर मुठीत तशीच धरून समोर बघत बसले. मीच म्हटलं, "व्याहीबुवा, तोंड गोड करा. पोरगी पोचली."

"पोचली हो," ते म्हणाले. "थोरल्या सूनबाई, धक्क्यावरून घरी कसं जायचं, ते सगळं शिकवलं मी तिला. घरून धक्क्यावर परत कसं यायचं, ते शिकवायचं राहूनच गेलं."