हॅडलीचे कोच, ओरिनचं मैदान

वेंडल पोकॉर्नी यांनी हॅडलीच्या शाळेच्या फुटबॉल संघाला बावीस वर्षं शिकवलं. त्यातली एकोणीस वर्षं त्या संघाची बस मी चालवली. शुक्रवारी सामना असला की पोरांना मैदानावर सोडायचं, बस लावायची आणि शिडीनं पत्र्याच्या खोलीच्या छपरावर चढून सगळा सामना व्हिडिओ कॅमेऱ्यात टिपायचा. हे दुसरं काम माझ्याकडे आलं, कारण बाकी कोणी वर चढायला तयार नसायचं. त्यामुळे कोचना मी समोरून कमी आणि वरून जास्त पाहिलंय. वरून दिसायची एक मळकी टोपी आणि उजव्या गुडघ्यात लंगडणारी चाल.

दिवसा ते इतिहास शिकवायचे. त्यांची बायको आयोला शाळेचं स्वयंपाकघर बघायची. मूलबाळ नव्हतं. गावात त्यांना कोणी नावानं हाक मारत नसे, आयोलासुद्धा चारचौघांत 'कोच'च म्हणायची.

आमची पोरं कधीच अंगानं मोठी नव्हती. समोरचे संघ असे यायचे की त्यांची आघाडीची रांग उभी राहिली की मागचं काही दिसायचं नाही. आमचा हा अमेरिकन फुटबॉल, चेंडू हातात घेऊन पळायचा; यात सगळं त्या रांगेवर असतं. समोरच्याला ढकलून वाट काढायची आणि चेंडू घेतलेल्या गड्यानं त्या वाटेनं पळायचं. पण ढकलला जाईल असा समोरचा पाहिजे ना. कोचनी त्यावर एक उपाय काढला होता आणि तो ते दरवर्षी ऑगस्टमध्ये आयोलाच्या भोजनगृहात खुर्च्या मांडून समजावायचे.

"हा दांडगा," एका खुर्चीवर हात ठेवून ते म्हणायचे. "याला ढकलायला जाऊ नका, तुमच्यानं होणार नाही. बाजूला व्हा. त्याला वाटू दे, रान मोकळं आहे. दोन पावलं आत आला की त्याचा तोल पुढं गेलेला असतो. तेवढ्यात शेजारचा गडी येऊन त्याला कुशीत खांदा घालेल. आणि आपला चेंडूवाला त्याच फटीतून बाहेर."

या डावाला ते 'फाटक' म्हणायचे. फाटक उघडायचं, बैल आत घ्यायचा, बाजूनं आडवा करायचा. गुराढोरांत वाढलेल्या पोरांना वेगळं समजवावं लागत नसे. त्या एका डावावर आम्ही पुष्कळ सामने जिंकलो. फक्त ओरिनशी हरायचो.

ओरिन आमच्यापासून बावीस मैलांवर. तिथले कोच अर्विन थीसन शाळेत यंत्रकाम शिकवायचे. मोठा आवाज, मोठं पोट. बावीस वर्षांत आम्ही त्यांना तीनदा हरवलं. प्रत्येक हारीनंतर बसमध्ये कोच पोरांना एकच गोष्ट ऐकवायचे. "तुम्ही शेवटी शेवटी कच खाल्लीत." पोरं खिडकीबाहेर बघत बसायची.

मग पोरंच कमी होत गेली. तीन वर्षं पाऊस नाही, लहान शेतं मोठ्या शेतवाल्यांनी घेतली, माणसं घराला कुलूप लावून निघून गेली. २००३ च्या वसंतात आमच्याकडे फुटबॉल खेळणारे तेरा उरले, ओरिनकडे चौदा. दोन्ही गावांनी मिळून एकच संघ करायचं ठरवलं. मैदान ओरिनचं, कारण तिथले दिवे बरे होते. मुख्य कोच थीसन. पोकॉर्नींनी त्यांच्या हाताखाली आघाडीची रांग बघायची.

मला वाटलं, ते नाही म्हणतील. त्यांनी हो म्हटलं. मी कारण विचारलं तेव्हा ते बसच्या पायरीवर बसून बुटात गेलेले खडे काढत होते.

"लोर्ना, नाही म्हणायलासुद्धा अंगात जोर लागतो," ते म्हणाले.

पहिल्या बैठकीला मी त्यांना घेऊन गेले. थीसननी टेबलावर एक जाड वही ठेवली. तिच्यात आमचे सगळे डाव होते, वर्षावार.

"तुझं फाटक," थीसन म्हणाले, "चांगला डाव आहे. पण त्याआधी तुझ्या पोरांची पाठ उंच होते. बाजूला सरकायचं असतं ना, म्हणून वजन टाचांवर टाकतात. सरळ ढकलायचं असलं की पाठ खाली, सपाट. मी माझ्या पोरांना सांगायचो, पाठ उंच दिसली की आत जाऊ नका, थांबा."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"दुसऱ्या का तिसऱ्या वर्षापासून. मला वाटलं, तुला कळलं असेल आणि जमत नसेल."

"नव्हतं कळलं," कोच म्हणाले.

परतताना निम्म्या वाटेवर त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे पोरं कच खात नव्हती."

त्यातली कितीतरी पोरं आता चाळिशीला आली होती. काही तर गावातच होती, पेट्रोल भरताना कोचना भेटायची.

ऑगस्टपासून मी रोज दुपारी तेरा पोरांना ओरिनला न्यायला लागले. आमची पोरं अंगानं किडकिडीत, पण सवय रांगेत खेळायची. ओरिनची पळणारी. त्यामुळे रांग बहुतेक हॅडलीची आणि चेंडू ओरिनच्या हातात, असं झालं. पाणी पिताना दोन टोळकी वेगळी उभी राहायची. कोच आमच्या पोरांना फाटकातही पाठ खाली ठेवायला शिकवत होते, पण सवय जाता जाईना.

रांगेतला सगळ्यात चांगला गडी गॅरेट स्लामा. सतरा वर्षांचा, कमी बोलणारा. त्याचा चुलतभाऊ आमचा चेंडू घेऊन पळणारा होता. ओरिनचा लेव्ही फ्रीझन त्याच्यापेक्षा चपळ निघाला आणि चुलतभाऊ बाकावर बसला.

तिसऱ्या सामन्यात लेव्हीला चेंडू दिला. कोचनी कडेवरून साधा डाव पुकारला होता, सरळ ढकलायचा. मी छपरावरून बघत होते. गॅरेट बाजूला झाला. समोरचा दांडगा कोणी अडवायला नसल्यासारखा आत आला आणि लेव्हीवर आदळला. लेव्ही उठला नाही. खांद्याचं, गळ्याखालचं हाड मोडलं होतं.

गॅरेट सगळ्यांना सांगत होता, "मला फाटक ऐकू आलं." गर्दीचा गोंगाट इतका होता की ते कोणालाही पटलं असतं. पटलंच.

सामन्याच्या फितीच्या मी आता दोन प्रती करायचे, दोन्ही कोचना एकेक. शनिवारी सकाळी इतिहासाच्या वर्गात पोकॉर्नींनी तो डाव पुढं-मागं करून नऊ वेळा पाहिला.

"काय दिसतं, लोर्ना?"

"गॅरेट चुकला."

"चुकलेला माणूस वळून बघतो. हा वळला नाही." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "आणि पाठ बघ. खाली आहे, सपाट. त्यानं फाटक ऐकलंच नव्हतं. त्याला माहीत होतं, ढकलायचं आहे. तरी तो सरकला."

त्यांनी फीत बंद केली. मग गाडीची किल्ली माझ्याकडे दिली. "तू चालव. आज माझ्यानं होणार नाही."

गॅरेट शेतावर मक्याच्या कापणी यंत्राला वंगण देत होता. आम्हाला बघून त्यानं हात पुसले, पण जागचा हलला नाही.

"गॅरेट, कुठला डाव होता?"

"फाटक."

"मी पुकारलं?"

"मला ऐकू आलं."

"बरं. मग पाठ खाली कशी?"

गॅरेटच्या हातातल्या पिचकारीतून वंगण मातीत गळत होतं.

"हाड मोडेल असं वाटलं नव्हतं," तो म्हणाला. "आडवा पडेल, एवढंच."

"बाजूला व्हायला कोणी शिकवलं तुला?"

"तुम्ही."

कोच यंत्राच्या पायरीवर बसले. बसताना त्यांनी गुडघा दोन्ही हातांनी धरून सरळ केला.

"तुम्हाला राग नाही येत, कोच?" गॅरेटचा आवाज चढला. "त्यांचं मैदान, त्यांच्या हाताखाली. बावीस वर्षं केलीत तुम्ही. आणि आता तिथं पाण्याच्या बाटल्या भरता."

"येतो की. येतो आणि मग दमायला होतं." ते थांबले. "पण त्या पोरानं माझं काय घेतलं? मी सांगितलं त्या बाजूला पळाला. तू पुढं आहेस म्हणून पळाला."

गॅरेटनं पिचकारी यंत्रावर ठेवली.

"मी आत्ता थीसनकडे जातोय. मी सांगेन. मग तू लेव्हीच्या घरी जाऊन सांगायचंस."

"काढतील मला."

"काढू देत."

थीसन त्यांच्या घराच्या मागं ट्रॅक्टरचं इंजिन उघडून बसले होते. कोचनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "डाव माझा, पोरगा माझा. आम्हाला दोघांनाही काढ. माझी तक्रार नाही."

थीसननी पाना खाली ठेवला. "फीत मीही पाहिली. सकाळी सहाला."

"मग फोन का नाही केलास?"

"बघत होतो, तू येतोस का. आज आला नसतास तर उद्या मी आलो असतो. आणि मग आपलं एकत्र काही झालं नसतं." त्यांनी कोचसाठी बादली उपडी घातली. "बस. तू गेलास तर तुझी तेरा पोरं जातील. उरलेल्यांत संघ होत नाही. तुला आराम पाहिजे असेल तर हंगाम संपल्यावर, नोव्हेंबरात घे."

"पोराचं काय?"

"दोन सामने बाहेर. पुढचं लेव्हीच्या बापाला ठरवू दे."

गॅरेट रविवारी फ्रीझनकडे गेला. तिथं काय झालं ते मला लेव्हीच्या आईनं नंतर सांगितलं. गॅरेटनं दारातच उभं राहून जे होतं ते सांगितलं आणि माफी मागितली. लेव्हीच्या बापानं ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माफी राहू दे. सकाळी वासरांना दूध कोण पाजणार ते सांग. याचा एकच हात चालतोय."

सहा आठवडे गॅरेट रोज पहाटे बावीस मैल गाडी हाकत गेला. एकतीस वासरं होती. लेव्ही गळ्यात हात अडकवून शेजारी उभा राहायचा.

"बोलता का काही?" मी एकदा बसमध्ये विचारलं.

"तो सांगतो, कुठलं वासरू ढुशी मारतं," गॅरेट म्हणाला. "मारून झाल्यावर सांगतो."

त्याच रविवारच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी कोचनी सगळ्या संघाला मैदानावर बसवलं आणि फाटक या वर्षापुरतं बंद केलं. कारण सांगितलं नाही, सगळ्यांना ते कळलंच होतं. मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. एक अख्खा आठवडा त्यांनी जागा उलट्या केल्या. रांगेतल्या आमच्या पोरांच्या हातात चेंडू दिला आणि ओरिनच्या पळणाऱ्यांना पुढं रांगेत उभं केलं.

"ज्याच्या मागं पळायचं त्याची पाठ ओळखा," एवढंच ते म्हणाले.

थीसन माझ्याजवळ येऊन म्हणाले, "लोर्ना, याचं डोकं ठिकाणावर आहे ना? शुक्रवारी सामना आहे." पण त्यांनी अडवलं नाही.

पहिले दोन दिवस नुसता गोंधळ. ओरिनची पोरं रांगेत धडका खाऊन आडवी व्हायची आणि मागून आमचा चेंडूवाला त्यांच्याच अंगावर पडायचा. बुधवारी कोणीतरी हसलं. गुरुवारी पाण्याजवळ टोळकी दोनच होती, पण एक ओरिनचा पोरगा आमच्यात उभा राहून दंडावरचे वळ दाखवत होता. "रोज एवढं खाता तुम्ही?" तो विचारत होता. शुक्रवारी आम्ही हरलो. त्याच्या पुढच्या शुक्रवारी जिंकलो.

गॅरेट परत आला तेव्हा त्याचा चुलतभाऊ लेव्हीच्या जागी पळत होता. गॅरेट त्याच्यासाठी ढकलायचा, आणि दुसरा कोणी पळाला तर त्याच्यासाठीही ढकलायचा. वरून मला त्यात फरक दिसला नाही. कोचनाही नसावा, कारण त्यांनी तसं विचारलं नाही.

नऊ सामन्यांत चार जिंकले, पाच हरले. शेवटच्या सामन्यानंतर कोचनी आपली शिट्टी कायमची थीसनच्या हातात दिली. थीसननी ती खिशात टाकली आणि दोघं दिव्यांखाली थोडा वेळ उभे राहिले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. नंतर कोच बसमध्ये आले आणि पहिल्याच सीटवर, पोरांचा आरडाओरडा चालू असताना, झोपले.

पुढच्या महिन्यात त्यांनी काही जुन्या विद्यार्थ्यांना फोन केले. १९८६ चा एक, १९९१ चे दोघं, असे. आयोला म्हणते, ते प्रत्येकाला तेच सांगायचे, की तुम्ही कच खाल्ली नव्हती, माझंच बघायचं राहिलं. बहुतेकांना तो सामनाच आठवत नव्हता. एकजण म्हणाला, "बरं केलंत सांगितलंत, कोच." तेवढ्यानंतर त्यांनी फोन करायचं थांबवलं.

लेव्ही पुढच्या वर्षी पुन्हा पळाला. गॅरेट आता बापाबरोबर शेत करतो. दोघांची मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. रस्त्यात गाड्या समोरासमोर आल्या की स्टिअरिंगवरून एक बोट वर करतात, जसं इथं सगळेच करतात.

कोच कापणीच्या दिवसांत धान्याच्या गोदामावर ट्रकचं वजन करायला बसतात. सामन्याला येत नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "बाकावर बसलो की पाय आपोआप ढकलायला लागतात, लोर्ना. घरी आल्यावर जिना चढवत नाही." त्यांनी ट्रकवाल्याला पुढं जायला हात केला, वजनाचा आकडा लिहून घेतला आणि मला विचारलं, बसचे ब्रेक बदलले का.