कुशीवर वळवताना

माझी नोकरी तीस वर्षांची, वर्गातल्या मदतनीस मावशींची सहा. त्या माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण मुलं म्हणतात म्हणून मीही त्यांना मावशीच म्हणायचे. खाडीकडच्या कोळीवाड्यातून कोपरच्या आमच्या सरकारी शाळेत चालत यायच्या. मला पगार होता, त्यांना मानधन. त्यात काही खटकण्यासारखं आहे, हे त्या दिवसापर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

पहिलीतल्या एका मुलाला फिट आली. बाकावरून घसरला आणि हातपाय झाडायला लागला. डीएड, बीएड सगळं गाठीशी असलेली मी ओरडले, "कांदा आणा! चप्पल आणा!" आणि त्याच्या दातांत घालायला डब्यातला चमचा काढला. मावशींनी माझं मनगट धरलं.

"तोंडात काय नाय घालायचं, बाई."

त्यांनी बाक बाजूला ढकलले, ओढणीची घडी त्याच्या डोक्याखाली सरकवली, अलगद कुशीवर वळवलं आणि दाबून न धरता बसून राहिल्या. बाकीच्या चाळीस पोरांना भिंतीकडे तोंड करून पाढे म्हणायला लावले. शुद्धीवर आल्यावर सगळे आपल्याकडे बघतायत असं त्याला दिसू नये म्हणून! संध्याकाळी त्याच्या आईला सांगितलं, दोन मिनिटं चालली, सुरुवात डाव्या हातापासून. मी थक्क होऊन ऐकत होते. त्याला आधी एकदा घरी फिट आली होती, तेव्हा मावशी एक दिवसाचं मानधन बुडवून त्या आईबरोबर हॉस्पिटलात गेलेल्या आणि डॉक्टरांना विचारून विचारून हे शिकलेल्या, हे मला तेव्हा कळलं.

त्यांना नीट पगार द्या, म्हणून मी शिक्षण खात्याच्या ऑफिसला लिहिलं. उत्तर आलं, हे काम अकुशल आहे, प्रशिक्षण लागत नाही, वाढ देता येणार नाही. माझं डोकंच फिरलं. तडक जाऊन भांडले. साहेब हसून म्हणाले, "मॅडम, मुलं सांभाळायला काय लागतं?" चमचा लागत नाही, एवढं मला कळलं होतं. बाकीचं मलाच येत नव्हतं, तर त्यांना काय सांगणार?

दिवाळीनंतर मावशींना माजिवड्याच्या एका टॉवरमध्ये बाळ सांभाळायचं काम मिळालं. पैसे दुप्पट. त्यांच्या मुलीचं कॉलेज सुरू झालेलं, थांबा म्हणायला मला तोंड नव्हतं. पण त्या मुलाला परत फिट आली तर? वर्गात आता मी एकटीच असणार होते.

शेवटच्या दिवशी शाळा सुटल्यावर मावशींनी सतरंजी अंथरली आणि सरळ आडव्या झाल्या.

"चला बाई, मला फिट आलीय."

कुरकुरणारे गुडघे टेकून मी खाली बसले. "दाबू नका," मावशी ओरडल्या. मी हात सैल केले. एवढी जाणती बाई माझ्यासाठी जमिनीवर पडून शिकवत होती, आणि माझे डोळे भरून आले.

"मावशी, जाऊ नका हो."

त्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"फिट आलेलं पोर बोलत नाय, बाई. वळवा मला."