अठ्ठेचाळीस तासांची बरणी

बरणीच्या झाकणावर तळहात दाबून मामा डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "हवा घुसली का मेले समजा."

मरणारे म्हणजे आतड्यातले जंतू. त्यांतल्या बहुतेकांना हवा सोसत नाही. म्हणून नमुन्याची प्लेट बरणीत ठेवायची, प्राणवायू शोषणारी पुडी टाकायची आणि अठ्ठेचाळीस तास झाकणाला हात लावायचा नाही. यवतमाळच्या आमच्या प्रयोगशाळेत हे काम मामांचं. हुद्दा शिपायाचा, पण बरणीपुढे त्यांनी मला, म्हणजे मोठ्या मॅडमलाही, कधी जुमानलं नाही. मी नुसती जवळून गेले तरी म्हणत, "पाहा, पण हात नोका लावू." तुमच्याही कचेरीत असेल असा एखादा, साहेबाहून मोठा साहेब.

कापसाचे ते वाईट दिवस होते. जिल्ह्याची दशा बघायला बाहेरून गाड्या भरून पाहुणे येत आणि जाताजाता आमच्याकडेही डोकावत. त्याच सुमारास मामांच्या बायकोच्या पोटात पू झाला. ऑपरेशननंतर पुवाचा नमुना मामांनीच आणला, बरणीत बंद केला आणि दवाखान्यात तिच्या उशाशी जाऊन बसले. कोणतं औषध द्यायचं ते त्या बरणीवर ठरणार होतं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मला मिरवायची भारी हौस. मी बरणी उघडली, प्लेट दाखवली, झाकण परत लावलं. पुडीसुद्धा बदलली नाही.

काही उगवलं नाही. मी अहवालात 'वाढ नाही' असं लिहिलं, डॉक्टरांनी आधीपासूनचंच औषध चालू ठेवलं. आठव्या दिवशी ती गेली.

तिच्या पुण्यानुमोदनाचा विधी आटोपून मामा कामावर आले. म्हणाले, "म्याच झाकण बराबर दाबलं नसन, मॅडम. मन ठिकानावर नव्हतं."

मी म्हणाले, असं काही नाही हो मामा. एवढंच म्हणाले. लिहायला लाज वाटते, पण तेव्हा मला हायसं वाटलं होतं.

मामा निवृत्त झाले. काही वर्षांनी आम्ही गोठवून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांतला डीएनए वाचून घेतला. तिच्या पुवात हवा न सोसणारा जंतू होता, आणि दिलेल्या औषधाला दाद न देणारं जनुकही. बरणी बंद राहिली असती, तर औषध बदललं असतं.

आता तरी सांगावं म्हणून केळापूरला त्यांच्या घरी गेले. मामा वर्षभरापूर्वीच वारले होते. मुलीनं चहा ठेवला. म्हणाली, "बाबा घरातल्या डब्यायचे झाकनं दोनदोनदा दाबून पाहे. म्हने, एकदा ढिलं राह्यलं, तुही माय गेली."

मी तिला सगळं सांगितलं. तिनं गॅस बंद केला.

"हे बाबाले सांगाले पाह्यजे होतं," ती म्हणाली.