पेडलवरचा पाय

हिल्का रौतिओ ही बाई लहानपणापासूनच खमकी. बाप वार्काउस गावच्या कागद गिरणीत पाळीवर, घरात पियानो कुठला? कामगारांच्या सभागृहात झाडलोट करायची आणि त्या बदल्यात तिथला पियानो वाजवायची. बोटं गारठली की काखेत धरायची, पुन्हा बसायची. पुढे हेलसिंकीत शिकली, मोठमोठ्या वाद्यवृंदांबरोबर वाजवलं आणि धाकट्या बहिणीला, इर्याला, स्वतः शिकवून शेजारी बसवलं. एक पियानो, चार हात. इर्या उजवीकडे, वरच्या सुरांत धून वाजवणारी. हिल्का डावीकडे, खालचे सूर तिचे आणि पेडलही तिचंच. पेडल दाबलं की सूर रेंगाळतात, सोडलं की थांबतात. ते नेमकं कधी सोडायचं हे कान सांगतो, आणि हिल्काच्या कानावर शंका घ्यायची कुणाची टाप नव्हती.

तोच कान दगा देऊ लागला. आधी पाखरांचे आवाज गेले, मग दारावरची घंटी, मग पियानोचे वरचे सूर. कानातलं यंत्र लावलं की पियानो पत्र्याच्या डब्यासारखा खडखडायचा, म्हणून मंचावर जाताना ती ते काढून ठेवायची. कुणापाशी अवाक्षर नाही. गेल्या हिवाळ्यात पेपरात छापून आलं, ‘धाकट्या बहिणीची धून आता गढूळ आणि दबकी वाजते.’ हिल्काने ते वाचून दाखवलं आणि वर इर्यालाच झापलं, "रियाज कमी पडतोय तुझा!"

आज गावच्याच चर्चमध्ये कार्यक्रम होता. मागच्या खोलीत कॉफी निवत चालली होती, वेलदोड्याच्या पावाला कुणी हात लावला नव्हता.

"ताई, आज पेडल मी घेते," इर्या म्हणाली.

"काय?"

"पेडल! मी घेते! संथ भागात सगळे सूर एकात एक कालवतात गं. तुला ऐकू येत नाही, केव्हापासून माहीत आहे मला."

हिल्काचा चेहरा पांढरा पडला. "मला शिकवतेस? तुझं नाक पुसलंय मी! पेडल कुणाचं असतं ते त्या पहिल्या रांगेतल्या पियानोच्या मास्तरणींना पक्कं ठाऊक आहे. माझा पाय मागे दिसला की उद्या गावभर होईल, हिल्का बहिरी झाली. मग कोण बोलावणार मला? घरी बसून करू काय, मोजे विणू?"

"बरं बाई, तुझं खरं," इर्या म्हणाली आणि उठली.

संथ भाग सुरू झाला. हिल्काला उजवीकडून काहीच ऐकू येत नव्हतं, नुसत्या अंदाजाने पाय खालीवर होत होता. कधीही इर्या आपला पाय ढकलून देईल, या धास्तीने तिची पोटरी ताठली. पण ढकलाढकल झालीच नाही. तिने तिरक्या नजरेने बहिणीच्या हातांकडे पाहिलं आणि चरकली. इर्याची बोटं पट्ट्यांना जेमतेम शिवत होती. सूर कालवून ताईचं बिंग फुटू नये म्हणून ती स्वतःची धून गिळत होती. लोक म्हणणार, इर्या संपली. गेला हिवाळाभर हेच चाललं असणार, आणि आपण तिला रियाज कर म्हणून सुनावलं! मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

हिल्काने पाय उचलला आणि बाकाखाली मागे घेतला, पहिल्या रांगेला दिसेल असा.

इर्याचा पाय क्षणभर हवेतच राहिला, मग पेडलवर टेकला. तिची मनगटं सैल झाली, बोटं पट्ट्यांच्या तळापर्यंत उतरली. ती धून हिल्काला ऐकू आली नाही. ती नुसती हातांकडे बघत होती आणि खालचे सूर त्यांच्याबरोबर नेत होती.

टाळ्यांसाठी दोघी हातात हात घालून उभ्या राहिल्या. टाळ्या कधी थांबल्या हे हिल्काला कळलं नाही. ती इर्याच्या कानाशी वाकली आणि कुजबुजली, निदान आपण कुजबुजतोय असं तिला वाटलं:

"गढूळ माझा पाय होता. तुझी बोटं नव्हेत."

शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांनी ते ऐकलं.