दोन रहाडींचा रंग

पुण्याहून नाशिकची बस सुटली तेव्हा मधुरा खिडकीपाशी होती आणि मी तिच्या शेजारी, मांडीवर गुळाची ढेप घेऊन. लोक सासरी पहिल्यांदा जाताना साडी नेतात, मिठाई नेतात. आमच्या कोल्हापूरच्या आईसाहेबांनी गूळ बांधून दिला होता. गोड खाल्लेलं माणूस एकदम वाकडं बोलत नाही, असं तिचं म्हणणं.

वाकडं बोलण्याची धास्ती होतीच. दिवाळीत मधुराने तिच्या आईला, म्हणजे शैलाकाकूंना, आमच्या दोघींचं सांगितलं. मधुराचे वडील ती शाळेत असतानाच गेले, घरात या मायलेकीच. काकू काही दिवस अबोल राहिल्या आणि मग एकदा फोनवर म्हणाल्या, "रंगपंचमीला घेऊन ये तिला. नाशिकची रंगपंचमी तिनं कुठं बघितली असणार?"

मला आनंद झाला, पण त्यात एक मेख होती. काकूंनी आपल्या मनाची समजूत घातली होती ती अशी, की या मुलीला पुरुषांचं वारंच लागलेलं नाही, तेव्हा ही आपल्या पोरीला सोडून जायची नाही. आणि मी तर मधुराच्या आधी अभिजित नावाच्या मुलावर जीव ओवाळून टाकला होता. ते प्रेम काही चुकून झालेलं नव्हतं. मला पुरुषही आवडतात, बायकाही. 'उभयलैंगिक' हा शब्द मी छापलेला वाचलाय, पण स्वयंपाकघरात उभं राहून तो कुणाला ऐकवता येत नाही.

"या खेपेला अभिजितचं काढू नकोस," सिन्नर मागे पडल्यावर मधुरा म्हणाली.

"आणि विचारलं तर?"

"आई नाही विचारणार."

सबंध माणूस नेण्याऐवजी अर्धंच नेतोय असं मला वाटत राहिलं, आणि त्याचा राग आला.

नाशकात द्वारका चौकात उतरून रिक्षा केली. ऊन मी म्हणत होतं, हातगाड्यांवर द्राक्षांचे ढीग लागले होते. "जुन्या नाशकात आत गाडी जाणार नाही ताई," रिक्षावाले दादा म्हणाले, "रहाडी उघडल्यात." रहाड म्हणजे जमिनीत बांधलेला दगडी हौद. वर्षभर तो झाकलेला असतो आणि वरून खुशाल स्कूटरी जातात. रंगपंचमीच्या तोंडावर तो उघडतात, साफ करतात, पूजा करतात आणि रंगाच्या पाण्यानं भरतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, आणि जो तो आपल्या रहाडीचा अभिमानी. "त्यात धप्पा मारायचा," दादा म्हणाले. धप्पा म्हणजे अंग झोकून मारलेली उडी. "पक्का रंग असतो. आठवडाभर कान रंगलेले राहतात."

काकूंनी दारातच थांबवलं. मी ढेप छातीशी धरली. पण त्या भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन आल्या आणि दोघींवरून ओवाळून टाकलं. मग गुळाचा खडा तोंडात टाकून म्हणाल्या, "रसायनाचा नाही ना हा?" मी नाही म्हटल्यावर ढेप फडताळात गेली. रात्री जेवताना त्यांनी मला आग्रह करकरून वाढलं. मला त्या फार आवडल्या, आणि त्यामुळे माझी पंचाईत वाढली.

दुसऱ्या दिवशी रंगपंचमी. सकाळी मिसळ खायला निघालो. बरोबर मधुराच्या नलूआत्या, नांदगावला सासरी बरीच वर्षं काढून आता पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या. झाडाखाली टेबलं मांडलेली, मिसळीबरोबर पापड, दही आणि शेवटी जिलबी. "आमच्याकडे दही घालून मिसळ आजारी माणसाला देतात," मी म्हटलं. आत्यांनी माझ्या वाटीत वाढीव रस्सा ओतला. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. कोल्हापूरची लाज राखायला मी ते उन्हावर ढकललं.

तेवढ्यात आत्यांनी विचारलं, "शैला म्हनती तुला पुरुषांचं लय वावडं हे. खरं का गं?"

"पहिल्यापासूनच," काकू घाईनं म्हणाल्या. "हो की नाही गं?"

मधुराने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर भागत होतं. पण ज्या बाईनं माझ्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळला तिच्याशी खोटं बोलवेना.

"नाही काकू," मी म्हटलं. "मधुराच्या आधी माझं एका मुलावर प्रेम होतं. अभिजित त्याचं नाव. मला दोन्ही आवडतात."

काकूंच्या हातातला पापड तसाच राहिला. "म्हणजे दोन डगरींवर पाय."

"नाही. तेव्हा दोन्ही पाय तिकडे होते, आता दोन्ही इकडे आहेत."

"आणि उद्या कुणी भेटला म्हणजे? माझ्या पोरीनं काय करायचं?"

"सोडून जाणारं माणूस कसंही जातं, काकू. मी राहणारी आहे."

काकूंनी जिलबीला हातही लावला नाही. आत्यांनी मात्र दोन खाल्ल्या आणि पुटपुटल्या, "आवडायला काय, मला बी लय काय काय आवडायचं."

दुपारी मधुरा पुढे गेली, त्यांच्या गल्लीतल्या रहाडीपाशी बायकांच्या रांगेत जागा धरायला. काकू घरातच काहीबाही आवरत राहिल्या. मला एकटीला तिथं बसवेना. आत्या आल्या आणि "चल गं, सुतकात बसल्यावानी काय बसलीस" म्हणत मला हाताला धरून घेऊन गेल्या. कुठे नेतायत हे मी विचारलं नाही. ढोल वाजत होते, गच्च्यांवरून पाणी पडत होतं, समोर आत्यांच्या गल्लीतली, गुलाबी पाण्यानं भरलेली रहाड होती आणि आत्यांनी मागून ढकललं. नाकातोंडात पाणी गेलं. वर आले ती नखशिखांत गुलाबी होऊन, आणि कित्येक महिन्यांत हसले नव्हते इतकी हसले.

तशीच ठिबकत मधुराच्या गल्लीत पोचले आणि घोटाळा लक्षात आला. त्यांची रहाड केशरी. रांगेतल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मधुराने कपाळावर हात मारला. "अगं, आधी तिकडे कशाला गेलीस?"

रहाडीवर देखरेख करणारा एक जण पुढे आला. "ताई, तो रंग नळावर धुऊन या. मग आमच्या रहाडीत उतरा."

मी नळाकडे वळले. कडेला काकू उभ्या होत्या, कोरड्या साडीत. काका गेल्यापासून त्या रहाडीत उतरल्या नव्हत्या, नुसत्या येऊन बघत उभ्या राहायच्या, हे मधुराने मला सांगितलं होतं. आणखीही एक सांगितलं होतं: यांच्या घरात नव्या सुनेचा पहिला धप्पा सासूनं हात धरून मारायचा. तेव्हा आम्ही दोघी त्यावर हसलो होतो.

काकूंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग त्या माणसाला म्हणाल्या, "धुवायचं कशाला? पक्का रंग आहे तो. आहे तशी येऊ दे तिला."

"पण काकू, आपल्या रहाडीत..."

"तू पाळण्यात होतास तेव्हा मी या रहाडीत धप्पे मारत होते. बाजूला हो."

त्यांनी पदर खोचला, चप्पल काढली, डाव्या हातानं मधुराचा आणि उजव्या हातानं माझा हात धरला. मला वाटलं आता हळूच पायऱ्यांनी उतरतील. कसलं काय, त्या बाईनं धावत जाऊन धप्पा मारला. आम्ही दोघी मागून ओढल्या गेलो. देखरेखवाला चिंब भिजला.

वर आल्यावर केस मागे सारत, धापा टाकत त्यांनी विचारलं, "राहशील ना गं?"

"राहीन, काकू."

"मग झालं तर," म्हणाल्या आणि माझ्या तोंडावर ओंजळभर पाणी मारलं. त्या हसत होत्या आणि मधुरा रडत होती. मीही रडले, पण तिथं कुणाचं कोणतं पाणी ते कोण बघतंय.

परतीच्या दिवशी काकू स्टँडवर आल्या. द्राक्षांची पेटी दिली, आमच्या आईसाठी चिवडा दिला. बस लागली. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा त्यांनी हाक मारली.

"अगं, तो अभिजित काय करतो आता?"

मी थांबले. "सांगलीला असतो. लग्न झालंय. मुलगी आहे त्याला."

"बरं झालं," काकू म्हणाल्या. "सुखी असू दे बिचारा."

बस सुटली. आजवर ज्यांना मी माझं सांगितलं त्यांतल्या काहींना मधुरा चालली, काहींना अभिजित चालला, पण दोघांना एकाच ओळीत धरून कुणी चौकशी केली नव्हती. मी ते मधुराला सांगायला वळले, तर तिला झोप लागली होती. तिच्या कानामागे केशरी रंग होता. माझ्या कानामागे दोन्ही असणार, असा विचार करत मी द्राक्षांची पेटी उघडली.